अवकलनाच्या आधी: भूमितीतील महत्तम-लघुतम उदाहरणे कशी सोडवावीत

सर्वांत मोठे क्षेत्रफळ किंवा सर्वांत लहान अंतर शोधायला सांगणाऱ्या उदाहरणांत विद्यार्थी अवकलनात, म्हणजे राशीच्या बदलाचा दर काढण्यात, फारसे चुकत नाहीत. ते त्याआधी, आकृती काढताना आणि चल निवडताना चुकतात. म्हणून पहिला वेळ तिथेच द्यावा.

१० सेमी त्रिज्येच्या अर्धवर्तुळात, एक बाजू व्यासावर ठेवून, जास्तीत जास्त क्षेत्रफळाचा आयत बसवायचा आहे असे समजा. आकृती मोठी काढावी आणि आयत मुद्दाम बराच लांबट दाखवावा, कारण तो चौरसासारखा दिसला की दिलेली नसलेली समानता आपण नकळत गृहीत धरतो. आता वर्तुळाच्या केंद्रापासून आयताच्या वरच्या एका कोपऱ्यापर्यंत रेषाखंड जोडावा. प्रश्नात त्याचा उल्लेख नसतो, पण सगळे उदाहरण त्याच्यावरच उभे आहे: तो त्रिज्या असल्याने त्याची लांबी १० आहे. आयताच्या पायाची अर्धी लांबी क्ष आणि उंची य मानली, तर पायथागोरसच्या प्रमेयानुसार क्ष² + य² = १०० ही अट मिळते, आणि क्षेत्रफळ २क्षय होते. पूर्ण लांबीला क्ष म्हटले तरी उत्तर तेच येईल, फक्त अपूर्णांक विनाकारण मागे लागतील.

येथून य काढून टाकला की वर्गमूळ येते. ते टाळण्यासाठी क्षेत्रफळाच्या वर्गाचाच विचार करावा. क्षेत्रफळ धन असल्याने दोन्ही एकाच ठिकाणी महत्तम होतात. ४क्ष²(१०० − क्ष²) ही राशी क्ष² च्या दृष्टीने द्विघाती आहे आणि क्ष² = ० व क्ष² = १०० असताना शून्य होते, म्हणून ती त्यांच्या मधोमध, क्ष² = ५० असताना, महत्तम होते आणि क्षेत्रफळ १०० चौसेमी येते. त्याहून सोपा मार्ग म्हणजे, त्या त्रिज्येने व्यासाशी केलेला कोन थीटा हाच चल घेणे: मग क्षेत्रफळ १०० साइन २थीटा होते आणि ४५ अंशांचे उत्तर अवकलनाशिवाय समोर येते.

काही वेळा चलाचीही गरज नसते. एका रेषेच्या एकाच बाजूला, तिच्यापासून ३ आणि ५ एकक अंतरांवर दोन बिंदू आहेत आणि त्यांच्या लंबपादांमध्ये (त्यांच्यापासून रेषेवर टाकलेले लंब रेषेला जिथे मिळतात त्या बिंदूंमध्ये) ६ एकक अंतर आहे; रेषेला स्पर्श करून एका बिंदूपासून दुसऱ्याकडे जाणारा सर्वांत लहान मार्ग हवा आहे. अवकलनाने गेल्यास दोन वर्गमुळांशी झगडावे लागते. त्याऐवजी एका बिंदूचे रेषेतील प्रतिबिंब घेतले, तर मार्ग सरळ होतो आणि त्याची लांबी ३६ + ६४ चे वर्गमूळ, म्हणजे १० एकक मिळते. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने प्रकाशाच्या परावर्तनासाठी हीच युक्ती वापरली होती.

अवकलज (अवकलनाने मिळणारा बदलाचा दर) शून्य करून उत्तर काढले असेल, तर चलाच्या प्रांताची, म्हणजे तो घेऊ शकतो त्या किमतींच्या पट्ट्याची, दोन्ही टोके तपासणे राहता कामा नये. १०० सेमी तारेचे दोन तुकडे करून एकाचा चौरस आणि दुसऱ्याचे वर्तुळ करायचे, आणि एकूण क्षेत्रफळ महत्तम हवे, असे विचारले असता अवकलज शून्य होणारी जागा सुमारे ३५० चौसेमी देते, आणि ते प्रत्यक्षात लघुतम मूल्य असते. सगळ्या तारेचा चौरस केल्यास ६२५ चौसेमी मिळतात, तर सगळ्या तारेचे वर्तुळ केल्यास सुमारे ७९६ चौसेमी. तार कापलीच पाहिजे अशी अट नसेल, तर हेच उत्तर.