युद्धपटातला एक सीन नीट बघायचा कसा

पहिलं काम म्हणजे आवाज बंद करा. गोळ्या, किंकाळ्या, म्युझिक हे आपल्याला इतकं ओढून नेतं की कॅमेरा काय करतोय ते दिसतच नाही. कोथरूडला मित्राच्या खोलीवर आम्ही चौघं रविवारी हेच करतो, एक लॅपटॉप, एक शंभर पानी वही आणि स्पेसबार, बास.

सीन तीन-चार मिनिटांचाच घ्या. एकदा सलग बघा, मग प्रत्येक कटला, म्हणजे शॉट बदलतो तिथे, थांबून वहीत चौकोन काढा आणि माणसं कुठे आहेत ते रेघोट्यांनी दाखवा, चित्र चांगलं यायची काही गरज नाही. खाली एवढंच लिहायचं, कॅमेरा कुणाच्या बाजूला आणि किती उंचीवर? मला विचाराल तर अर्धा सीन इथेच उलगडतो.

'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' (१९९८) मधला ओमाहा बीचचा सीन घ्या, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिक फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरतात तो. कॅमेरा सरपटणाऱ्या सैनिकांच्या उंचीवर, पाणी थेट लेन्सवर उडतंय. मध्येच जर्मन मशिनगनच्या मागून शॉट येतो, तिथे आपण वरून खाली बघतो आणि गनवाल्याचा चेहरा नाही, फक्त काळी पाठ. हे दोन चौकोन शेजारी शेजारी काढून बघा, अंगावर काटा येतो.

आता स्फोटाच्या फ्रेमवर पॉज करा. उडालेल्या मातीचा कण न् कण सुटा दिसतो. एरवी शटर, म्हणजे फिल्मवर उजेड किती वेळ पडतो ते ठरवणारी फिरती चकती, १८० अंश उघडं असतं, सेकंदाला २४ फ्रेमच्या स्पीडला प्रत्येक फ्रेमला १/४८ सेकंद उजेड. कॅमेरामन यानुझ कामिन्स्कीने इथे ते ९० आणि ४५ अंशांवर आणलं, म्हणजे १/९६ आणि १/१९२ सेकंद, त्यामुळे हालचाल पुसट होत नाही, तुटक तुटक होते आणि आपल्याला धड श्वास घेता येत नाही.

कुठली बाजू डावीकडून येते आणि कुठली उजवीकडून तेही बाण काढून ठेवा. आणि पुण्यात लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्हमध्ये एखादा युद्धपट लागला तर सोडू नका, फ्रेमच्या कडेला काय चाललंय ते लॅपटॉपवर कळत नाही.

मग शेवटी आवाज लावून तोच सीन परत बघा. या सैनिकांचा कॅप्टन मिलर रक्ताच्या पाण्याने भरलेलं हेल्मेट उचलून डोक्यावर घालतो ना, तिथे सिनेमानेच आवाज दाबलाय. तो चौकोन वहीत मोठा काढा.