जुन्या गाडीचं स्टिअरिंग लॉक आणि पासिंग : या चुका टाळा

पंधरा वर्षं झालेली गाडी पासिंगला, म्हणजे आरटीओत नोंदणीच्या नूतनीकरणाला, न्यायची म्हटलं की आपल्याकडे सगळ्यात आधी डेंटिंग-पेंटिंग आठवतं. पत्रा चकाचक, टायरला काळं पॉलिश, आणि चावी मात्र तिसऱ्या झटक्याला फिरते. वर मालकच कौतुकाने सांगतो, ‘तिची तेवढी एक खोड आहे, मला जमतं.’ ही खोड नव्हे. लॉक चोरासाठी दिलेलं असलं तरी ते बसलेलं असतं स्टिअरिंगच्या दांड्यावर. चावी काढली की स्प्रिंगच्या जोरावर एक पिन दांड्याच्या खाचेत जाते, चावी फिरवली की ती मागे सरते. ही पिन बिघडली म्हणजे स्टिअरिंग बिघडलं, असंच धरून चाला.

पहिली आणि रोजची चूक म्हणजे चावीवर जोर लावणं. आपल्या बेळगावात शहापूरच्या किंवा खडेबाजारच्या गल्लीत गाडी लावताना चाक वळवून गटारीच्या कडेला टेकवतो. टायरचा ताण दांड्यावर येतो, दांडा पिनेला एका बाजूने दाबून धरतो आणि चावी हलत नाही. अशा वेळी पक्कड लावून चावी पिळणारे लोक आहेत. चावी आत तुटली की साध्या कामाचं मोठं काम होतं. एका हाताने स्टिअरिंग हळूहळू डावी-उजवीकडे हलवत राहायचं आणि दुसऱ्या हाताने चावीवर हलका दाब ठेवायचा. दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी पिन मोकळी होते आणि चावी आपसूक फिरते.

सपाट जागी, चाकं सरळ असतानाही अडकत असेल तर कपाटातली दुसरी चावी काढून बघा. ती फिरली तर लॉक ठीक आहे, रोजची चावी झिजली आहे. इथे आणखी एक गंमत होते. झिजलेल्या चावीवरूनच डुप्लिकेट करून आणतात आणि नवी कोरी चावीही अडकते, कारण तिच्यात जुनीची झीज जशीच्या तशी उतरलेली असते. डुप्लिकेट नेहमी कमी वापरलेल्या चावीवरून करा.

खानापूरकडच्या पावसात लॉक घट्ट झालं की खोबरेल तेल सोडायची पद्धत आहे. आठ दिवस बरं वाटतं. मग त्या तेलाला रस्त्याची धूळ चिकटते आणि आतल्या बारीक पत्त्या जागच्या जागी बसतात. इंजिन ऑइल आणि ग्रीसही तसलंच. ग्राफाइटची पूड थोडीशी फुंकायची, चावी आठ-दहा वेळा आत-बाहेर करायची, एवढं पुरतं.

आता खऱ्या धोक्याची गोष्ट. फार झिजलेल्या लॉकमधून इंजिन चालू असतानाही चावी बाहेर येते. काहीजण पाहुण्यांना ते करून दाखवतात, ‘बघ, चावी खिशात आणि गाडी चालू!’ हे हसण्यावारी नेऊ नका. चावी धरून ठेवणारा भाग झिजलाय, म्हणजे पिन रोखणाऱ्या भागावरही भरवसा नाही. त्यात तवंदी घाट किंवा चोर्ला उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडायची सवय. इंजिन बंद झालं की ब्रेकला व्हॅक्यूमची मदत मिळत नाही, दोन-तीन वेळा दाबल्यावर पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. अशात खड्ड्यात आदळून चावी निसटली आणि पिन खाचेत गेली, तर पुढच्या वळणाला गाडी वळणार नाही. चाचणी सोपी आहे. गाडी उभी करा, चाकांना विटा लावा, चावी ‘ऑन’वर ठेवून हलकेच ओढा. बाहेर आली तर लॉकसेट, म्हणजे चाव्यांसकट अख्खं लॉक, बदलायचा, त्यात चर्चा नको.

यावर गॅरेजमधला ठरलेला सल्ला असतो, ‘पिनच काढून टाकू, डायरेक्ट करू.’ स्वस्त पडतं, म्हणून पटतं. पण बऱ्याच कारमध्ये लॉकचं घर दांड्याला ज्या बोल्टांनी पकडलेलं असतं, त्यांची डोकी कंपनीत आवळतानाच तोडलेली असतात. चोराने पान्याने उघडू नये म्हणून. ते काढायला छिन्नी-हातोडा चालतो, घाव दांड्यावर बसतात. नंतर घर साध्या स्क्रूवर किंवा तारेवर लटकतं, वळताना हलतं, वायर घासते. अर्धवट कापलेली पिन तर सर्वांत वाईट, ती कधी अडकेल सांगता येत नाही. जुन्या जीपला चावी डॅशवरच असते आणि लॉक नसतंच. तिथे हा प्रश्न येत नाही. पण ज्या गाडीला लॉक आहे तिचं ते नीट तरी चालावं नाहीतर पूर्ण नवं बसावं.

पासिंगला स्टिअरिंगची ढिलाई बघतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 98 सांगतो की स्टिअरिंग व्हीलला 30 अंशांपेक्षा जास्त मोकळा प्ले नको, जोडण्यांच्या बॉल जॉइंटना रबरी टोप्या हव्यात आणि बोल्ट-पिना लॉक केलेल्या हव्यात. फाटलेली टोपी बाहेरून दिसते, तरी आदल्या रात्री कुणी बघत नाही. घरी मोजायचं तर चाकं सरळ ठेवून व्हील अलगद हलवा. टायर हलायच्या आधी हात किती फिरतो ते पाहा. मग व्हील डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत फिरवा. मधेच ‘टक्’ असा आवाज आला किंवा खरखर जाणवली तर आधी लॉकची पिन तपासा, मग टाय रॉड, म्हणजे चाकं वळवणारी दांडी. हॉर्न, वायपर, दिवे मधूनच बंद पडत असतील तर लगेच बॅटरी बदलू नका. लॉकच्या मागे इग्निशन स्विच असतो, त्याचे पॉइंट जळलेले असू शकतात.

दुचाकीवाल्यांनी हँडल लॉक आणि कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, यांची गल्लत करू नये. उभ्या गाडीचं हँडल कुणी हिसडलं की पिन वाकते आणि हँडल एका बाजूला आधीच थांबतं. पण हँडल मधोमध खाचेत बसल्यासारखं वाटत असेल तर लॉकचा संबंध नाही, कोनसेट गेलाय.

शेवटी कागद, कारण आपल्या भागात अर्ध्या जुन्या गाड्या गडहिंग्लज, कोल्हापूरहून येतात. एमएच पाटीची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे इथला नंबर घ्यावा लागतो, त्यासाठी तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला), म्हणजे फॉर्म 28, लागते. कर्नाटकचा टॅक्स वेगळा. खाजगी गाडीच्या नूतनीकरणाचा अर्ज फॉर्म 25 वर, मुदत संपण्याआधीच्या 60 दिवसांत करता येतो. तेवढ्यात लॉकसेट मागवून बसवून होतो. केए, म्हणजे कर्नाटकच्या नंबराच्या रांगेत उभं राहिल्यावर एनओसी आठवून उपयोग नाही. लॉकसेट बदलला की पावती आणि दोन्ही नव्या चाव्या जपून ठेवा. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते, आणि लॉक बदलल्याचा पुरावा ती पावतीच असते.