पानाची मांडणी: टेबल की सीएसएस?

वेबपानाचा कोणता भाग टेबलमध्ये टाकायचा हे ठरवताना एकच प्रश्न विचारा: या मजकुराच्या ओळींना आणि रकान्यांना शीर्षकं देता येतील का? रेल्वेचं वेळापत्रक, परीक्षेचा निकाल, बाजारभाव यांना देता येतात. तिथे टेबलच वापरा, आणि शीर्षकांसाठी 'टीएच' (<th>) टॅग, म्हणजे 'हा कप्पा शीर्षक आहे' असं सांगणारी कोडमधली खूण, विसरू नका. हेडर, मेनू, साइडबार यांची जागा मात्र सीएसएसनेच, म्हणजे पानाचं रूप आणि मांडणी ठरवणाऱ्या भाषेनेच ठरवा.

टेबलात कोंबलेलं पान मोबाइलवर अनेकदा आडवं सरकवत वाचावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे, स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम) वापरणाऱ्या अंध वाचकाला मजकुराबरोबर निरर्थक ओळी-रकान्यांचे आकडेही ऐकावे लागू शकतात. हा त्रास कुणालाही द्यायची गरज नाही. २०१७ पासून प्रमुख ब्राउझरांमध्ये सीएसएस ग्रिड, म्हणजे ओळी-रकान्यांत मांडणी करण्याची सीएसएसमधली सोय, चालतं, त्यामुळे 'रकाने नीट जुळत नाहीत' ही जुनी सबब आता उरलेली नाही. मेनूसारख्या एकाच रांगेसाठी सीएसएसमधलीच दुसरी सोय, फ्लेक्सबॉक्स, पुरते.

अपवाद ईमेलचा. विंडोजवरचं जुनं आउटलुक वर्डच्या इंजिनाने ईमेल दाखवतं, आणि त्याला ग्रिड कळत नाही. तिथे टेबल खुशाल वापरा, पण त्याच्या टॅगमधल्या 'रोल' (role) ॲट्रिब्यूटमध्ये, म्हणजे टॅगला जोडायच्या गुणधर्मात, 'प्रेझेंटेशन' (presentation) लिहा, म्हणजे स्क्रीन रीडर त्याला माहितीचा तक्ता समजणार नाही.