ज्युनियर्सना जेवायला बोलवायचंय? मग आधी हे वाचा

माजी विद्यार्थ्याने वर्षातून एकदा येऊन सेमिनार हॉलमध्ये माईकवर तासभर बोलायचं आणि पोरांनी मागच्या रांगेत रील्स बघत बसायचं, ह्यालाच आपल्याकडे मेंटॉरिंग म्हणतात. कॉलेजला ते सोयीचंही पडतं, कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या मूल्यमापनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा मुद्दा असतो, फोटो काढला की फाईलला लागतो. पण पोरांच्या मनात जे असतं ना, केटीचं म्हणजे राहिलेल्या विषयाचं, घरच्या पैशांचं, ‘ही ब्रांच घेऊन चुकलो का’ वगैरे, ते माईकसमोर कोणीही विचारत नाही. ते जेवताना निघतं, तेही जेवण निम्मं झाल्यावर.

माजी विद्यार्थ्यांनी ज्युनियर्सना जेवायला बोलवायची ही कल्पना काही नवी नाही. अमेरिकेत युसीएलए विद्यापीठात १९६० च्या दशकापासून माजी विद्यार्थी बारा अनोळखी लोकांना घरी जेवायला बोलवतात. आपल्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या टू बीएचकेमध्ये बारा माणसं मावणार नाहीत, आणि मावली तरी तीन जण बोलतील, बाकीचे मान डोलावतील. आपल्यासाठी माझ्या मते चार ज्युनियर आणि दोन सिनियर, बस. दोन सिनियर अशासाठी की एकच असला की त्याचं प्रवचन सुरू होतं, दुसरा असला की तो मध्येच ‘अरे माझं उलटंच झालं होतं’ म्हणतो, आणि पोरांना तेच ऐकायला हवं असतं.

माणसं जमवायला कॉलेजच्या ऑफिसकडे यादी मागू नका, देणार नाहीत आणि देऊही नये. आपल्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, आणि लिंक्डइनवर कॉलेजचं नाव टाकून लोकेशनला ठाणे किंवा नवी मुंबई, एवढ्यात पुरेसे लोक सापडतात. फक्त मोठ्या पोस्टवालेच शोधत बसू नका, पास होऊन दोन-तीन वर्षं झालेली ताई किंवा दादा सेकंड इयरच्या पोराला व्हाईस प्रेसिडेंटपेक्षा जास्त कामाचा असतो कारण त्याला अजून सगळं आठवत असतं. ज्युनियर्ससाठी गुगल फॉर्म करा, छोटा: वर्ष, ब्रांच, जवळचं स्टेशन, काय खात नाही, आणि एकच प्रश्न जो विचारायचाय. टॉपर आपोआप फॉर्म भरतात. केटी लागलेली, हॉस्टेलवर राहणारी, मराठी मीडियममधून आलेली पोरं भरत नाहीत, त्यांच्यासाठी एखाद्या सरांना किंवा सीआरला म्हणजे वर्गप्रतिनिधीला सांगून नावं मागवा आणि स्वतः फोन करा.

तारीख ठरवणं हे खरं डोकेदुखीचं काम. नोव्हेंबर आणि एप्रिल-मे परीक्षांचे, ते सोडा. गणपती-नवरात्र सोडा. जुलैत फायनल इयरवाले प्लेसमेंटच्या टेन्शनमध्ये असतात, त्यांना तेव्हाच गरज असते हे खरं, पण पाऊस जोरात लागला आणि लोकल बंद पडल्या तर अर्धी माणसं येणार नाहीत हे धरूनच चाला. सगळ्यात बरे जानेवारी-फेब्रुवारी. रविवार ठरवलात तर आदल्या दिवशी रेल्वेच्या दुरुस्तीचा मेगाब्लॉक बघाच, ठाणे ते नवी मुंबईच्या ट्रान्स हार्बर लाईनवर ब्लॉक असला की साधारण अकरा ते चार ठाणे-वाशी-नेरूळ गाड्या बंद आणि ऐरोलीचं पोरगं ठाण्याला रिक्षा करून येणार, तेवढ्या पैशात त्याचं जेवण झालं असतं. म्हणून ग्रुपच स्टेशनप्रमाणे पाडा. ऐरोली-रबाळे-घणसोलीच्या आयटी ऑफिसांमध्ये आपले लोक भरपूर आहेत, त्यांना वीकडेला संध्याकाळी सातला जवळच बसवा. वाशी-नेरूळ-बेलापूरवाल्यांना सीवूड्स, स्टेशनला लागूनच मॉल आहे, पावसात छत्रीसुद्धा उघडावी लागत नाही. फूडकोर्टात गोंगाट असतो पण पहिल्या भेटीला मुलींच्या आईवडिलांना ती जागा सांगायला बरी पडते.

ठाण्यात सगळ्यांच्या तोंडी आधी मामलेदार मिसळ येते. माझंही प्रेम आहे, पण ह्या कामाला ती जागा नाही, मागे लोक उभे असतात, आणि तिखट खाऊन नाक पुसत करिअरवर कोण बोलणार. तिथे नंतर जा, दोस्ती झाल्यावर. ह्यासाठी गोखले रोड किंवा राम मारुती रोडच्या आसपासचं एखादं साधं थाळीवालं हॉटेल बघा, बारा वाजता म्हणजे गर्दीच्या आधी बसा, आणि मॅनेजरला सांगून ठेवा की दीड तास लागेल, म्हणजे वेटर बडीशेप घेऊन डोक्यावर उभा राहणार नाही.

थाळी का, तर मेनूकार्ड दिलं की ज्युनियरचे डोळे थेट उजवीकडच्या आकड्यांवर जातात. मग ‘मी जेवून आलोय, मला फक्त लिंबू सरबत’. हे खोटं असतं. थाळी आधीच ठरलेली असली की प्रश्नच मिटला, सगळ्यांच्या ताटात तेच. माणशी ४०० च्या आत बसवा. बिल सिनियर्सनी द्यायचं, आणि ते ज्युनियर्सना आधीच मेसेजमध्ये स्पष्ट लिहून कळवायचं, टेबलावर पर्स काढायची नाटकं नकोत. दोघं सिनियर नंतर आपापसात जीपे करा. श्रावण, संकष्टी, एकादशी, रोजे, जैन जेवण हे सगळं फॉर्ममधून आधी कळलेलं असतं, तरी आदल्या दिवशी एकदा विचारा.

आता बसल्यावर. पहिली वीस मिनिटं करिअर हा शब्द काढायचा नाही. कुठून येतोस, कोणती गाडी पकडतोस, कॅन्टीनचा समोसा अजून तसाच आहे का, कोणते सर अजून तीच नोट्सची वही घेऊन येतात. ‘तुझ्याबद्दल सांग’ म्हणालात की पोरगं इंटरव्ह्यू मोडमध्ये जातं आणि इंग्रजीत माय नेम इज सुरू करतं, मग परत मराठीत आणायला वेळ जातो. सिनियरने स्वतःची केटी सांगावी, कितव्या सेमला, कोणत्या विषयात, घरी काय तमाशा झाला. एका जेवणात एक मुलगा सोलकढी येईपर्यंत गप्प होता आणि मग एकदम म्हणाला, “दादा, पहिल्या पगारातले घरी किती दिलेत?” पुढचा पाऊण तास सगळे फक्त त्यावरच बोलले, कर्ज, बहिणीचं शिक्षण, रूमचं भाडं, पीएफ कापून हातात किती येतात ते. दुसऱ्या सिनियरने तर पेनने टिश्यू पेपरवर पॅकेज आणि हातातला पगार ह्यातला फरक मांडून दाखवला. असं निघालं की तुमचे ठरवलेले मुद्दे बाजूला ठेवा, रेझ्युमे मेलवरही बघता येतो.

आणि नोकरीचं एक आधीच बोलून घ्या. ‘बघतो रे, पाठव रेझ्युमे’ हे तोंडातून सहज निघतं आणि पोरगं चार महिने वाट बघत बसतं. रेफरल, म्हणजे आपल्या कंपनीत शिफारस, देता येत असेल तर कधी, कोणत्या रोलसाठी ते सांगा, नसेल तर तसं सांगा, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

घरी जेवायला बोलवणं मला हॉटेलपेक्षा आवडतं, वरण-भात-तूप-लिंबूसमोर पोरं लवकर मोकळी होतात. पण नियम पाळा. एकट्या ज्युनियरला घरी बोलवायचं नाही, दुसरा सिनियर हवाच, कॉलेजमधल्या कोणाला तरी पत्ता आणि वेळ माहीत हवी, दारू नाही, नऊच्या आत सगळे आपल्या गाडीत बसलेले हवेत. सोसायटीच्या गेटवर नावं आधी देऊन ठेवा, पहिल्यांदा घरी येणाऱ्या पोराला वॉचमनने वीस मिनिटं उभं केलं की त्याचा मूडच जातो.

नंबर सरसकट वाटू नका, सहा जणांचा छोटा ग्रुप करा आणि महिन्याने बंद करा, ज्यांचं जमलंय ते स्वतःहून बोलत राहतात. त्याच रात्री सिनियरने कबूल केलेली गोष्ट, म्हणजे कोर्सची लिंक, कोणाचा नंबर, रेझ्युमेवरच्या खुणा, पाठवून टाकायची, दुसऱ्या दिवसावर गेलं की राहतंच. न सांगता दांडी मारलेल्या ज्युनियरला एकदा फोन करा, बऱ्याचदा कारण प्रॅक्टिकल किंवा घरचं असतं. सिनियरने न सांगता दांडी मारली तर त्याला पुढच्या वेळी बोलवू नका, मग तो कितीही मोठ्या पोस्टवर असो.