स्थितांबरातल्या कणांचा आकार मोजताय? या चुका टाळा

बलूनखाली ऑप्टिकल पार्टिकल काउंटर बांधून सोडणं आता खूप सोपं झालंय. पॉप्ससारखं हलकं यंत्र सेकंदाला साधारण 3 घनसेंटिमीटर हवा ओढतं. त्यातला एकेक कण 405 नॅनोमीटरच्या लेझरसमोरून जातो, प्रकाश विखुरतो आणि डिटेक्टरवर एक पल्स उमटते. यंत्र मोजतं ते एवढंच. व्यास आपण नंतर काढतो, आणि नवी मंडळी घसरतात ती इथेच.

पीएसएलचा व्यास हाच कणाचा व्यास धरणं

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक हीच. कॅलिब्रेशन पॉलिस्टायरीन लेटेक्सच्या, म्हणजे पीएसएलच्या गोळ्यांवर होतं. त्यांचा अपवर्तनांक 1.59 च्या आसपास असतो. स्थितांबरातले नेहमीचे कण म्हणजे सल्फ्यूरिक आम्ल आणि पाण्याचे थेंब, त्यांचा 1.43 ते 1.45. एकाच व्यासाचा थेंब पीएसएलच्या गोळीपेक्षा कमी चमकतो, म्हणून यंत्र त्याला लहान ठरवतं. तरंगलांबीपेक्षा बऱ्याच लहान कणांचा विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घातानं बदलतो, त्यामुळे व्यासातली चूक 8-9 टक्क्यांवर थांबते. पण घनफळ काढताना तिचा घन होतो आणि चौथा हिस्सा तरी वाढवून घ्यावा लागतो.

मध्यंतरी एका तरुण गटाची आकडेवारी तपासायला आली होती. त्यांचं एरोसोलचं, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांचं, घनफळ उपग्रहावरून काढलेल्या आकड्यापेक्षा सातत्यानं कमी येत होतं, आणि मसुद्यात सगळा दोष उपग्रहाच्या माथी मारला होता. बिनच्या, म्हणजे कण ज्या आकार-गटांत मोजले जातात त्यांच्या, सीमांची फाइल उघडली, तर वर पीएसएलचा 1.59 तसाच. दुरुस्ती एका दुपारची होती. पण जागा वाचवायला त्यांनी बिन आधीच एकमेकांत मिसळले होते आणि मूळ पल्सच्या उंचीची नोंद पुसून टाकली होती. नव्या सीमा आखायला काही उरलंच नव्हतं. उड्डाणाचा खर्च, परवानग्या, माणसांच्या रात्री, सगळं अर्धवट कामी आलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

माझी सवय अशी: नोंद पल्सच्या एककातच ठेवायची, शक्य तितक्या बारीक बिनमध्ये, आणि व्यास सगळ्यात शेवटी काढायचा. तोही दोन-तीन अपवर्तनांक धरून. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) बलून केंद्रावरून बाटल नावाच्या मोहिमेत पावसाळ्यातला आशियाई एरोसोल थर मोजला गेला. त्या थरात नायट्रेट आणि सेंद्रिय पदार्थही असतात. तिथे डोळे मिटून 1.44 घालणं हीसुद्धा चूकच.

आणखी एक. कणाचा व्यास तरंगलांबीच्या आसपास गेला की सिग्नल सरळ चढत नाही, वर-खाली होतो. एकाच पल्सला दोन-तीन व्यास जुळतात. तिथे बिन रुंद करा. गुळगुळीत आलेख मिळावा म्हणून सॉफ्टवेअरला मधले आकडे भरू देणं मला अजिबात मान्य नाही.

त्रिज्या आणि व्यास

अमेरिकेतल्या वायोमिंग विद्यापीठाची जुनी बलून मोजमापं आणि उपग्रहांचे निकाल बहुधा त्रिज्येत, काउंटर व्यासात. गल्लत झाली की घनफळ आठपट चुकतं. आलेखाच्या अक्षावर शब्द पूर्ण लिहा.

खालच्या मर्यादेला भिंत समजणं

0.15 मायक्रॉनच्या खाली काही दिसत नाही आणि वर सगळं दिसतं, असं कधीच नसतं. मोजण्याची कार्यक्षमता हळूहळू चढते. वायोमिंगच्या लॅरामीहून 1971 पासून चाललेल्या मोजमापांचंही विश्लेषण 2019 मध्ये ही कार्यक्षमता धरून पुन्हा झालं. इतक्या अनुभवी लोकांना ते करावं लागलं, तर आपण पहिल्याच उड्डाणात ते टाळू नये.

किरकोळ, पण नेहमीच्या

पंपाचा प्रवाह जमिनीवर मोजून तोच 25 किलोमीटरवर धरू नका. निर्वात कक्षात तपासा. गरम डब्यात शिरलेला थेंब पाणी गमावून आकसतो, म्हणून इनलेटचं तापमान नोंदवा. 20 किलोमीटरवरची संख्या तिथल्या हवेची की प्रमाणित दाबाची, ते लिहा. फरक दहापटीहून जास्त असतो. चढताना दिसलेला थर उतरताना गायब झाला, तर आधी बलूनच्या वाटेतल्या घाणीचा संशय घ्या.

दोन-चार मोठे कण आणि लगेच शोध

घनसेंटिमीटरला 0.01 मोठे कण असतील, तर 3 घनसेंटिमीटरच्या प्रवाहाला 30 कण मोजायला 1000 सेकंद लागतात. सेकंदाला 5 मीटर चढणारं बलून तेवढ्यात 5 किलोमीटर वर जातं, आणि तरी अनिश्चितता 18 टक्के राहते. दहा सेकंदांच्या नोंदीतल्या दोन कणांवरून ‘राखेचा पातळ थर’ जाहीर करायची घाई मी वारंवार पाहतो. आधी उंचीचे टप्पे एकत्र करा. एखाद्या बिनमध्ये शून्य आलं, तर ते किती हवा तपासून आलं तेही शेजारी लिहा.