सेन्सर नोडचं जाळं उभारताय? या चुका टाळा

टेबलावर चार नोड, म्हणजे सेन्सर आणि रेडिओ असलेले छोटे डबे, नीट चालले की जाळं तयार झालं, असं मानणारे मला सतत भेटतात. टेबलावर आपण नोड एकेक करून सुरू करतो. बागेत ते सगळे एकाच वेळी बोलतात, आणि खरी अडचण तिथंच होते.

फोंड्याजवळच्या एका कुळागरात, म्हणजे पोफळींच्या बागेत, मातीचा ओलावा मोजायला बारा लोरा (कमी विजेत लांब पल्ला गाठणारा रेडिओ) नोड बसवले होते. घराजवळच्या चारांचे आकडे येत, पाटापलीकडच्यांचे येत नसत. बसवणाऱ्या मुलानं पल्ला कमी पडतोय असं धरलं आणि स्प्रेडिंग फॅक्टर (हा आकडा जितका मोठा, तितका संदेश संथ आणि पल्ला लांब) ७ वरून १२ केला. आकडे आणखीच गळायला लागले. मी पोचलो तेव्हा तिन्हीसांज झाली होती. पोफळींखालच्या काळोखात पाटाच्या दोन्ही काठांवरचे एलईडी एकाच क्षणी लुकलुकले, दहा मिनिटांनी पुन्हा तसेच. सगळ्यांच्या घड्याळात एकच वेळ लावलेली! जवळच्याचा सिग्नल जोरदार, म्हणून तो गेटवेपर्यंत, म्हणजे सगळे संदेश गोळा करणाऱ्या यंत्रापर्यंत, पोचायचा आणि लांबचा त्याखाली दबायचा. दुखणं पल्ल्याचं वाटलं ते त्यामुळं. त्यात १२ वर वीस बाइटचा संदेश सुमारे १.३ सेकंद हवेत राहतो. ७ वर तोच ५७ मिलिसेकंदांत उरकतो.

मी प्रत्येक नोडला त्याच्या क्रमांकाच्या चाळीस पट सेकंद उशिरा बोलायला लावतो, वर दोन-तीन सेकंद रँडम. शिवाय प्रत्येक संदेशात चढता अनुक्रमांक असतोच. कुठला संदेश गळला ते त्याशिवाय कळायचं कसं? ही कोडच्या चार ओळींची मेहनत टाळून थेट मोठा अँटेना मागवणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो.

रेडिओ मॉड्यूल घेताना बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा, बघा: आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ विनापरवाना वापरता येतो, स्वस्तात मिळालं म्हणून ९१५ चं आणू नका. अँटेना जोडल्याशिवाय प्रक्षेपण करू नका. मातीत उघड्या धातूचे प्रोब गंजतात, धातू झाकलेले कपॅसिटिव्ह घ्या आणि त्यांच्या कडा वार्निशनं बंद करा.

नोडमध्ये वापरतात ती ईएसपी३२ ही कंट्रोलर चिप डीप स्लीपमध्ये, म्हणजे दोन संदेशांमधल्या गाढ झोपेत, दहा मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते, हे डेटाशीटमधल्या नुसत्या चिपबद्दल खरं आहे. तुमच्या बोर्डावरचा पॉवर एलईडी आणि रेग्युलेटर त्याहून कितीतरी जास्त पितात. मल्टिमीटर लावून मोजा.

आणि मृगाच्या आधी डबे उघडून बघा. केबल नेहमी खालून आत घ्या, आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जातं. झाकणाच्या आतल्या बाजूला नोडचा क्रमांक पेन्सिलीनं लिहा. मार्करची शाई पावसाळ्यात मला दोनदा पुसलेली सापडली आहे.