रोज खिशात ठेवण्याजोगा छोटा चाकू कसा निवडावा

चाकू घ्यायचं मनात आलं की आधी आठवडाभर थांबा आणि एक यादी करा. 'आत्ता जवळ चाकू असता तर बरं झालं असतं' असं ज्या ज्या वेळी वाटेल, त्या त्या वेळी नेमकं काय कापायचं होतं ते टिपून ठेवा. मी ही यादी केली तेव्हा तीत खोक्यांवरची चिकटपट्टी सात वेळा आली, सुतळी तीनदा, नव्या वस्तूभोवतीचं कडक प्लास्टिक दोनदा, शिवाय एक सफरचंद, शर्टाचा लोंबणारा धागा आणि टोक मोडलेली पेन्सिल. यातल्या कुठल्याच कामाला बोटभर लांबीपेक्षा मोठं पातं लागलं नसतं. तुमची यादीही थोड्याफार फरकाने अशीच निघेल. म्हणून ६ ते ८ सेंमी पात्याचा घडीचा चाकू डोळ्यांसमोर ठेवून पुढचं सगळं सांगतो.

यादी झाली की कायदा पाहून घ्या. चाकू घेतल्यावर नाही, घेण्याआधी. नियम देशागणिक बदलतात. ब्रिटनमध्ये घडीचा, लॉक (उघडलेलं पातं अडकवून ठेवणारी सोय) नसलेला आणि ३ इंचांपर्यंत धार असलेला चाकू कारण न देता जवळ ठेवता येतो; त्याच मापाच्या चाकूला लॉक असेल तर मात्र सबळ कारण लागतं. जर्मनीत एका हाताने उघडून लॉक होणाऱ्या चाकूवर निर्बंध आहेत. विमानात चाकू हाताशी ठेवायच्या बॅगेत चालत नाही, त्यामुळे प्रवासाच्या आदल्या रात्री खिसे तपासायची सवय लावून घ्या. पात्याची लांबी आणि लॉक हे दोन निर्णय कित्येकदा इथेच होऊन जातात.

मग वजन. याबद्दल माझं मत ठाम आहे: जड चाकू चार दिवसांनी खणात जातो आणि खणातला चाकू कुणाच्या उपयोगी पडत नाही. व्हिक्टोरिनॉक्सचा ५८ मिमीचा 'क्लासिक' जेमतेम २० ग्रॅमच्या आसपास भरतो आणि किल्ल्यांच्या जुडग्यात विसरून जातो. ओपिनेलचा ८ नंबरचा लाकडी मुठीचा चाकू, पातं साडेआठ सेंमीचं असूनही, पन्नास ग्रॅमच्या आत राहतो. शंभर ग्रॅमच्या पुढे गेलात की पँटचा खिसा ओढला जातो, बसताना टोचतं आणि चाकू घरी ठेवायला निमित्त मिळतं.

आता लॉक. इथे थोडं थांबून वाचा, कारण बोटं शाबूत राहण्याचा प्रश्न इथे आहे. माझ्या उजव्या तर्जनीच्या मधल्या पेरावर एक पांढरी रेघ आहे. पट्ट्याला आणखी एक भोक पाडायचं होतं, हातात साधा स्प्रिंगचा चाकू होता. टोक कातड्यात रुतवून मी चाकू इकडेतिकडे फिरवला आणि पातं मिटून थेट बोटावर आलं. चाकू वाईट नव्हता, काम त्याचं नव्हतं. ज्या चाकूत फक्त स्प्रिंगच्या दाबाने पातं उघडं राहतं, त्याच्या धारेवर जोर आला की पातं उघडण्याकडेच ढकललं जातं, म्हणून कापण्यात धोका नसतो. टोकाने टोचलं, फिरवलं किंवा पात्याच्या पाठीवर दाब आला की ते मिटतं. चिकटपट्टी, दोरा, फळ एवढंच काम असेल तर असा चाकू उत्तम. भोकं पाडणं, लाकूड तासणं यादीत असेल तर लॉक घ्याच.

लॉकचे प्रकार नावाने पाठ करायची गरज नाही, काम कसं करतात ते कळलं की पुरे. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली धातूची पातळ पट्टी बाजूला सरकून पात्याच्या बुडाला टेकते. फ्रेम लॉकमध्ये हेच काम मुठीची एक बाजूच करते, म्हणून तो अधिक दणकट. पण हे दोन्ही मिटताना अंगठा पात्याच्या वाटेत असतो, हे लक्षात ठेवा. बॅक लॉकचा खटका मुठीच्या पाठीवर असतो. ओपिनेलची फिरणारी कडी १९५५ सालची, आजही तशीच चालते: पातं उघडायचं, कडी फिरवायची, संपलं. मुठीतून आडवी सळी जाणारा क्रॉसबार लॉक डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी चालतो आणि मिटताना बोटं पात्यापासून लांब राहतात. पहिल्यांदाच लॉकचा चाकू घेणाऱ्याला मी ओपिनेलची कडी नाहीतर क्रॉसबार सुचवेन.

पात्याबद्दल एकच गोष्ट जीव तोडून सांगायची आहे: पातळ पातं घ्या. दुकानात जाड पातं हातात घेतलं की भक्कम वाटतं, आणि तिथेच फसगत होते. ४ मिमी जाडीच्या पात्याने सफरचंद कापून पाहा. धार कितीही तीक्ष्ण असू दे, अर्ध्या वाटेत पातं पाचरीसारखं अडकतं आणि फळ कापलं न जाता फुटतं, कट्‌कन आवाज करून. दीड-दोन मिमीचं पातं तेच फळ आवाज न करता पार करतं. पुठ्ठ्याचंही तसंच. पाठीकडची जाडी अडीच मिमीच्या आत असावी, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे धारेकडे येताना पातं एकसारखं निमुळतं होत जावं. चिमटीत धरून पाठीकडून धारेकडे बोटं सरकवलीत की हे लगेच कळतं.

आकार साधा हवा: पाठ हलकेच खाली उतरलेली, धारेला थोडा पोटासारखा बाक, टोक मध्यावर. याला ड्रॉप पॉइंट म्हणतात. कामात फक्त खोकीच असतील तर सरळ धारेचं, बोथट टोकाचं शीप्सफूट पातं अधिक सोयीचं, कारण आतल्या वस्तूला टोक लागत नाही. दातेरी धार दोरखंडाला चांगली, पण घरच्या सपाट दगडावर ती लावता येत नाही, मी टाळतो.

पोलादाकडे एवढ्या उशिरा येतोय ते मुद्दामच. ढोबळ हिशेब असा: साडेदहा टक्के किंवा जास्त क्रोमियम असेल तर पोलाद स्टेनलेस म्हणवतं. तरी डी२ हे पोलाद पाहा. त्यात क्रोमियम सुमारे बारा टक्के असूनही त्यातलं बरंचसं कार्बनबरोबर बांधलं जातं, आणि घामाच्या हातात त्यावर गंजाचे ठिपके येतात. दमट हवेत राहणाऱ्यांनी, घाम जास्त येणाऱ्यांनी १२सी२७ किंवा १४सी२८एन सारखं स्टेनलेस घ्यावं. साधं कार्बन पोलाद धारेला गोड असतं, पटकन लागतं. पण फळ कापून तसंच मिटलंत तर सकाळी डाग पडलेला दिसतो. ते पुसून कोरडं ठेवायची तयारी असेल तरच घ्या. काही महिन्यांत त्यावर करडा-निळसर थर चढतो. तो गंज नव्हे, घासून काढू नका.

नावाइतकंच महत्त्वाचं आहे त्या पोलादाला पाणी कसं दिलंय ते. कडकपणा एचआरसी या मापात सांगतात. ५५-५६ म्हणजे मऊसर: धार लवकर उतरते, तेवढीच लवकर लागते. ५८ ते ६० हा रोजच्या वापराला सोयीचा टप्पा. त्याच्या बरंच वर गेलं तर धार टिकते खरी, पण बारीक कपचे उडू शकतात आणि साध्या दगडावर घाम निघतो. विकणारा पोलादाचं नावच सांगत नसेल तर तो चाकू मी घेत नाही.

आता प्रत्यक्ष हातात घेऊन तपासा. चाकू मिटलेला असताना टोक मुठीच्या वर कुठेही डोकावतंय का, ते अंगठा हलकेच फिरवून पाहा. डोकावत असेल तर खिशातला हात कापणार. उघडून पातं चिमटीत धरा आणि आधी डावीकडे-उजवीकडे, मग वर-खाली हलवा. आडवी हालचाल केसभर असली तर पातं ज्यावर फिरतं त्या खिळ्याचा स्क्रू आवळून जाते. लॉक लागलेलं असताना वर-खाली डगडगत असेल तर तो चाकू तिथेच ठेवा. लायनर लॉक असेल तर आत डोकावून पट्टी पात्याच्या बुडावर कुठवर आलीय ते पाहा. नव्या चाकूत ती पाव ते अर्ध्या रुंदीपर्यंत असावी. पलीकडच्या टोकाला पोचलेली असेल तर झिजायला जागाच उरलेली नाही. मग बोटं वाटेतून बाजूला घेऊन पात्याची पाठ तळहाताने जरा दाबा. लॉक सुटता कामा नये. शेवटी मूठ घट्ट आवळून मिनिटभर धरा. कुठे टोचतंय ते तळव्यावर उमटलेल्या खुणा सांगतील. खिशाला अडकवायची क्लिप बहुधा त्यात असतेच. ती काढता येते का, तेवढं विचारून घ्या.

ऑनलाइन घेताना हे सगळं घरी आल्यावर करा, आणि परत करायची मुदत संपायच्या आत करा.

चाकूबरोबरच धार लावायचा दगड घ्या, १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या दाण्याच्या बारीकपणाचं माप) एक पुरतो. दगड ओला करा. पातं दगडावर काटकोनात उभं धरा, निम्म्यावर आणा, पुन्हा निम्म्यावर, आणि किंचित खाली: झाले अंदाजे २० अंश. पातं २ सेंमी रुंद असेल तर पाठ दगडापासून सुमारे ७ मिमी वर राहते. कोन न बदलता, दगडाचा पातळ पापुद्रा काढल्यासारखं धारेच्या दिशेने सरकवा, बुडापासून टोकापर्यंत. काही फेऱ्यांनंतर अंगठा पाठीकडून धारेच्या बाहेर न्या, धारेच्या लांबीवरून मात्र कधीही नाही. वरच्या बाजूला बारीक खरखर लागेल. ती बुडापासून टोकापर्यंत सलग लागेपर्यंत बाजू पलटू नका, बहुतेकांची धार याच उतावळेपणात बिघडते. मग दुसरी बाजू तशीच, आणि शेवटी अगदी हलक्या हाताने एक इकडून, एक तिकडून. जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर दहा-बारा वेळा उलट्या दिशेने ओढा. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून वरून कापा. पातं कुठे अडलं ते पाहा, आणि तेवढाच भाग पुन्हा दगडावर घ्या.